पांढरा परत

रविवार कारंजावर दुकान माझं, सात बाय अकराचं.
आयुष्यात चित्र काढलं नाही,
तरी रंग मला भावकीसारखे ठाऊक.
बर्न्ट सिएना खपतो, पेन्स ग्रे पडून राहतो,
क्रिमझन लेक काचेत मांडू नये, उन्हानं उडतो,
यलो ऑकर म्हणजे शेवटी मातीच.
आया म्हणतात, मग एवढी महाग कशी?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या दिवसांत
पोरं फळीवर कोपरं टेकून उभी.
त्यांना मी देते पोस्टर कलर:
थरावर थर चढवा, चूक झाकते.
जलरंगात झाकत नाही काही,
हे सांगितलं आहेर मास्तरांनी,
उधारी लिहिता लिहिता.

ते यायचे बुधवारी, घाटावरचा बाजार करून,
पिशवीत मेथी, बगलेत बोर्ड.
कागद कानाशी नेऊन फडफडवायचे,
कोपऱ्याला जिभेचं टोक लावायचे.
"ह्याचं सायझिंग गेलंय, पिंगळेबाई.
सगळं पाणी पिऊन बसेल हा."
मी मुकाट वीस टक्के कमी करायचे.
ब्रश बुडवून मनगटाला एक झटका,
टोक जुळलं तर खिशात,
नाही तर, "झाडू आहे, झाडू."

एकदा विचारलं, वॉश म्हणजे नेमकं काय हो?
म्हणाले, बोर्ड जरासा तिरका धरायचा,
रंगाचा थेंब कडेला लोंबता ठेवायचा
आणि वाळू न देता खाली उतरवायचा,
लग्नघरातून झोपलेलं मूल नेतात तसा.
मध्ये थबकलात
की रेघ पडते.

आणि ओल्यावर ओलं?
रामकुंडाकडे हनुवटी उडवून म्हणाले,
"ते मी नाही करत. ते तिचं काम."
आणि निम्मे पैसे पुढच्या महिन्यावर टाकून गेले.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी वारले.
तिवंध्याला रहाड उघडत होते,
खांद्यावरून जाताना
फावडी थांबली म्हणे क्षणभर.

तेराव्यानंतर मुलगी आली, वृषाली,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.
आत नळ्या. सगळ्या चायनीज व्हाईट.
सव्वीस. एकाचंही झाकण फिरलेलं नाही.
"सेट घ्यायचे, हा तेवढा बाजूला काढायचे.
परत घ्याल का?"

एकीवर सासऱ्यांच्या अक्षरात किंमत, आठ आणे कमी चार रुपये.
दाबून पाहिली. दगड.

माझ्या डोक्यावर पाटी,
'विकलेला माल परत घेतला जाणार नाही',
तीही मास्तरांनीच रंगवलेली, उधारीपोटी.
मी पाटीकडे बघितलं, तिनंही बघितलं,
दोघींना हसू आलं नि मग वेगळंच काही.

तिनं गुंडाळी सोडली.
दुपारचा घाट. पायऱ्यांवर वाळत टाकलेलं लुगडं,
मी बोट लावून बघितलं:
रंगच नव्हता तिथे. कागद होता नुसता,
भोवतीनं दगडांचं करडं
हलकेच आणून अडवलेलं.
नारोशंकराच्या सावलीत आणखी एक कोरा ठिपका.
हे काय राहिलं?

"ती मी. आठ वर्षांची.
हलत होते सारखी.
म्हणायचे, तू स्थिर झालीस की भरू."

नळ्या ठेवून घेतल्या.
वहीत लिहिलं, आहेर, जमा, पांढरा, सव्वीस.
हिशेब जुळला नाही, तसाच आहे.

परवा कॉलेजचा एक मुलगा आला,
जलरंगातला पांढरा हवा, म्हणाला, ढगांना.
डबा हाताशीच होता.
म्हटलं, आकाश ओलं असतानाच
फडक्यानं टिपून बघ की रे आधी.
गल्ला पुसायचं फडकं फाडून दिलं निम्मं.

मग पोटात धस्स झालं:
मी कोण सांगणारी?
तो अजून परत आलेला नाही.